पडद्यावर फाटलेले धवले

सरळगाव, ता. मुरबाड
६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप प्रेमाबायस,
धाकटा भाऊ कुंडलिक याचा शि. सा. न. वि. वि.

मुसळाचा ठोका आठवतो का गो तुला? आपल्या पडवीतल्या उखळात हळकुंडं पडायची, दोघी जणी समोरासमोर उभ्या राहून मुसळं टाकायच्या. एक जड ठोका, मागोमाग एक हलका. त्या दोन ठोक्यांच्या मधे जी जागा उरायची तिथं तुझा सूर शिरायचा. मी तेव्हा चौथीत होतो. मांडवाच्या मेढीला टेकून ऐकत बसायचो आणि मला वाटायचं, गुरुजी शिकवतात ती कविता आणि बाय म्हणते ती कविता या सख्ख्या बहिणी आहेत. एक शाळेत जाते, दुसरीला घरकामातून सवड नाही, एवढंच.

हे आज आठवायला कारण घडलं आहे, आणि ते बरं नाही.

माझ्या मनोजचा जुना संगणक माझ्याकडे आहे हे तुला ठाऊक आहे. त्यानं तो खेळ खेळायला घेतला होता, म्हणून चित्रं उमटवणारं वेगळं ग्राफिक कार्ड त्यात बसवून घेतलं होतं. पुढं तो लॅपटॉपवाला झाला आणि हा म्हातारा मला म्हाताऱ्याला मिळाला. तुझे कान जायला लागले त्या हिवाळ्यात तू इथं राहिलीस, आणि लग्नाच्या मांडवात तू जन्मभर म्हटलेले धवले मी याच यंत्रात उतरवून घेतले. मोबाईलात सूर धरू दिला नाहीस. घरात लग्न नसताना धवल्याला सूर लावायचा नाही ही तुझी रीत. मग तू साधं बोलून सांगत गेलीस आणि ग्रामपंचायतीच्या कारकुनीत बोटांना जी सवय लागली होती ती माझ्या कामी आली.

आता तुझ्या नातीचं, मनस्वीचं, लग्न नोव्हेंबरच्या अखेरीस येऊन ठेपलं. तू गाणार नाहीस असं सांगून टाकलंस. निदान पोरींनी कागदावरून म्हणावेत म्हणून धवले छापून देण्याचा शब्द मी तुला दिला. आणि तुला स्वतःला ते आता आठवत नाहीत असं तूच मागच्या पत्रात लिहिलंस. म्हणजे जे काही उरलं आहे ते या पेटीत.

दसरा झाला आणि पडदा बिघडला. आधी कडेला जांभळ्या रेघा आल्या. मग लुगड्याच्या चौकडीसारखे बारीक चौकोन पसरले. मग तुझ्या धवल्यांची अक्षरंच फाटली बाय. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, हळदीच्या गाण्याचा अर्धा भाग पडद्याच्या वर आणि अर्धा खाली. मोबाईलवर फोटो काढून मुरबाडला एका दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला की ग्राफिक कार्ड गेलेलं दिसतं, इतकं जुनं आता मिळायचं नाही, नवीनच घ्या. मी त्याला विचारलं की आतली गाणी शाबूत असतील का. त्याला वाटलं मी सिनेमाची गाणी म्हणतोय. म्हणाला, काका, ती परत भरून देतो.

मनोजला कंपनीनं तीन महिन्यांसाठी परराज्यात धाडलं आहे. तो फोनवर एवढंच म्हणाला की बंद करून ठेवा. तुझी वहिनी हिरा म्हणते की माणसाचं दुखणं असतं तर मी इतका कासावीस झालो नसतो. तिचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. ती स्वतः दिवसातून दोनदा येऊन पडद्याकडं बघून जाते.

काय करू ते लिही. लोभ आहेच, तो असाच उबदार राहो.

तुझा,
कुंडलिक

•

शहापूर
११ ऑक्टोबर २०२५

चि. कुंडलिकास,
बहिणीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझा पत्र भेटला. पयला पान सगळा मुसळाचा ठोका. मना वाटला तुला कवितेचाच ताप आलाय. दुसऱ्या पानावर कळला का यंत्राला आलाय.

मनस्वीने तुझा पत्र दोनदा वाचला. पतपेढीतून आली का ती पाटी घेऊन माझ्यासमोर बसते आणि खडूने लिहून सगळा सांगते. माझी शाळा आता म्हातारपणी चालू झाली बघ. ती सांगते का पडद्यावरचा चित्र फाटला म्हंजे आतला गाना फाटला असा नाय. गाना दुसरीकडं साठवलेला असतो. दाखवणारा बिघडलाय, ठेवणारा नाय. तेव्हा पयला रडणं थांबव.

तिने तुला कामा सांगितलीत. पडद्याची वायर काढून परत घट्ट बसव. नाय जमला तर दुसऱ्याचा पडदा नायतर टीव्ही आणून त्याच पेटीला लाव. त्याच्यावर पण रेघा आल्या तर तुझा पडदा चांगला हाय आणि दोष पेटीत हाय. मंग बघ, चालू केल्या केल्या रेघा येतात का थोड्या वेळाने. थोड्या वेळाने येत असतील तर आत काय तरी तापतंय. कार्डाला एक छोटा पंखा असतो, तो फिरतो का नाय ते बघ. वायर पयली भिंतीतून काढायची, मंग पेटी उघडायची. हे तिने पाटीवर दोनदा लिहिला आणि खाली रेघ मारली.

आता माझा संशय ऐक. दसऱ्याला तू तोरण कुठं कुठं बांधलास? तुझा मना ठावं हाय. दाराला बांधून तुझा हात थांबत नाय. शाळेत होतास तेव्हा सायकलीच्या चाकाला भाताच्या लोंब्या बांधल्यास आणि किन्हवलीच्या उतारावर तोंडावर पडलास. बापूसने विचारला तर म्हणालास का चाकाची पन पूजा कराला नको का. या वर्षी त्या पेटीला काय बांधलास ते खरा खरा लिही.

हिरा वहिनीला सांग, पोहे पाठवलेत ते भाजलेले हायत, तेलात टाकू नको. माया हाय म्हणून बोलते, रागावू नको.

तुझी,
प्रेमाबाय

•

सरळगाव
१७ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप प्रेमाबायस,
शि. सा. न. वि. वि.

तू शहापुरात बसून माझ्या घरातलं बघतेस. डोळ्यांनी कानांचंही काम उचललेलं दिसतं.

क्रमानं सांगतो. वायर घट्ट केली, फरक नाही. मग शेजारच्या वाल्मिककडून त्याचा टीव्ही मागून आणला. तो क्रिकेटच्या आशेनं टीव्हीबरोबर स्वतःही आला आणि पलंगावर बसला. टीव्ही पेटीला जोडला, तर त्याच्यावरही त्याच जांभळ्या रेघा. वाल्मिक घाबरला, त्याला वाटलं रोग लागतो. त्याची समजूत घालायला हिराला चहा करावा लागला. त्या चहानं एक गोष्ट मात्र कळली. पेटी बंद करून आम्ही चहा प्यायलो, मग पुन्हा चालू केली, तर पडदा अगदी स्वच्छ. तुझे धवले ओळीनं उभे. थोड्या वेळानं एक रेघ आली, मग दुसरी, आणि पुन्हा सगळं विस्कटलं. म्हणजे मनस्वीचं खरं. आत काहीतरी तापत होतं.

आता तुझ्या संशयाकडं येतो. दसऱ्याला मी संगणकाची पूजा केली. ज्यात तुझं गाणं आहे त्याला हळदकुंकू वाहायचं नाही तर कशाला? झेंडू आणि भाताच्या लोंब्यांची एक छोटी जुडी बांधून पेटीच्या मागच्या जाळीला अडकवली, समोरून दिसू नये आणि मनोज हसू नये म्हणून. वरून अक्षताही टाकल्या. वायर भिंतीतून काढून पेटी उघडली, तर जाळीतून एक लोंबी आत घसरली होती आणि कार्डाच्या पंख्याच्या पात्यांत तिचं कुसळ अडकलं होतं. जुडीचा दोरा पंख्याच्या मधल्या बोंडाला गुंडाळला होता. पंखा बिचारा फिरायला बघत असेल आणि जागच्या जागी थरथरत असेल. अक्षता कोपऱ्यात पडलेल्या, कुंकू सगळीकडं. हिरा म्हणाली की आत लग्न लागून गेलेलं दिसतंय.

चिमट्यानं लोंबी काढली, दोरा कापला, रंगाच्या नव्या ब्रशनं हलक्या हातानं झाडून घेतलं. पेटी लावली आणि पंखा फिरला. त्याचा तो बारीक घुमणारा आवाज ऐकून मला कोण आनंद झाला. सबंध दुपार चालू ठेवली, अक्षर हललं नाही. उजव्या काठाला मात्र एक हिरवी रेघ कायमची राहिली आहे. मनस्वी म्हणेल की कार्डाला थोडी इजा झाली, ते आता किती चालेल सांगता येत नाही. म्हणून धवले त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घेतले आणि मुरबाडहून जाड कागदावर मोठ्या अक्षरांत छापून आणले.

भाऊबीजेला येतो आहे, पानं घेऊनच येतो. ओवाळणीत तुझंच तुला देणारा मी एकटाच भाऊ असेन.

तुझ्या मायेत वाढलेला,
कुंडलिक

•

शहापूर
२७ ऑक्टोबर २०२५

चि. कुंडलिकास,
अ. उ. आ. वि. वि.

भाऊबीजेला तू आलास, जेवलास, पानं देऊन संध्याकाळच्या जीपने गेलास. तू गेल्यावर मी चष्मा लावून बसले. आता बरा वाटत नाय ते लिहिते.

तुझा पडदा सरळ झाला, पन माझा गाना वाकडा करून ठेवलास तू.

हळदीचा धवला वाचला. तुझ्या कागदावर लिवलाय, “कुणाच्या अंगणी हळद ही कांडिती, मनस्वीच्या दारी सुवर्ण सांडिती.” हा कोणाचा गाना हाय? आमच्यात सुवर्ण कोण सांडतो? मी तुला सांगितला होता तो असा होता, तेवढा मना अजून येतो:

कोनाचे दारीं गो हलद कांडतान
मनस्वीचे दारीं गो हलद कांडतान
हलद कांडतान, हात पिवले जाले
हात पिवले जाले, आय तिची रडली

तू एकेक ओळ एकदाच घेतलीस. तुला वाटला असेल का म्हातारी तेच तेच बोलते. अरे, मी ओळ टाकते आणि समोरच्या बाया ती झेलतात. त्या झेलतात तवर मी श्वास घेते आणि पुढची ओळ आठवते. ती दुसऱ्यांदा नाय म्हटली तर बायांनी कराचा काय, हात बांधून उभा राहाचा? तुझ्या शाळेत एकटा पोरगा उभा राहून कविता म्हणायचा. मांडवात एकटा कोणीच नसतो.

तेवढा मी सोडून दिला असता. पन आय तिची रडली, ही ओळच तू काढून टाकलीस. तिथून पुढचा सगळा गाना गेला. ती का काढलीस, ते मना सांग.

मनस्वीला मी कागद दाखवले नाय. ती विचारते, मी म्हणते चष्म्याचा नंबर वाढलाय.

तुझी बहीण,
प्रेमा

•

सरळगाव
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप प्रेमाबायस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून घरात मी कमी बोलतो आहे. हिराला बरं वाटत असावं.

सुवर्णाचं तू म्हणतेस ते खरं. मात्रा बसेनात म्हणून मी ते घातलं. टंकताना माझ्या कानात शाळेचा ताल चालू होता आणि तुझी ओळ त्या तालात उभी राहिना, तेव्हा मी तिचे केस विंचरले, तिला गणवेश घातला. मला वाटलं ती सुंदर दिसते.

पण रडणाऱ्या आईची ओळ मी मात्रांसाठी काढली नाही. मनस्वीच्या आईला, तुझ्या सूनबाई सरितेला, जाऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. तू धवले सांगत होतीस त्या दिवसांत मनस्वी सुट्टीत इथंच होती. ती ओसरीवर अभ्यास करत होती. तू म्हणालीस, आय तिची रडली, आणि मी तिकडं बघितलं. पोरीचं पेन थांबलं होतं. मला वाटलं, हिच्या हळदीच्या दिवशी शंभर बायांनी ही ओळ म्हटली तर ही कुठं बघेल? म्हणून मी तिथंच बोट उचललं आणि दुसरं काहीतरी शोभिवंत लिहिलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस ते आता सांगते आहेस.

काल सगळं पुसून तुझ्या चार ओळी तुझ्याच बोलीत परत लिहिल्या, दोन दोनदा. पण आई रडली, त्याच्या पुढं काय? तू त्या दिवशी सांगितलेलं मी लिहिलंच नव्हतं, म्हणून ते पेटीत नाही. आणि आई रडते तिथंच गाणं सोडायचं, हे तर मी केलं त्याहून वाईट. पुढची ओळ तेवढी लिहून पाठव. एकच ओळ. मी तिला हात लावणार नाही.

रागात का होईना, लोभ ठेव.

कुंडलिक

•

शहापूर
७ नोव्हेंबर २०२५

चि. कुंडलिकास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा पत्र वाचून राग गेला. तू आपल्या बापूसवर गेलास. तो पन पोरींना दुःख नको म्हणून दुःखाच्या गोष्टी लपवायचा आणि पोरींना त्या शेजारनीकडून कळायच्या.

मनस्वीची हळद असल तेव्हा सरिता नसल, हे मनस्वीला तू नाय म्हटल्याने विसरला जाणार हाय का? पोरीला आय नाय म्हणून गाण्यातली पन काढून घेतलीस. निदान गाण्यात तरी तिची आय येऊ दे. ती एकच वाट हाय तिला यायला.

पन पुढची ओळ मना येत नाय. तीन दिवस बसले. लिहायला बसले का येत नाय, बोलायला गेले तरी येत नाय. पयला कान होते तेव्हा एक ओळ दुसरीला हात धरून आणायची. आता मी म्हणते ते मनाच ऐकू येत नाय, तर ओळीला कसा ऐकू येल?

तू म्हणशील का सूर लाव, घरात लग्न हाय. ते मना जमणार नाय. का ते आजवर कोणाला सांगितला नाय, तुला सांगते. श्रावणात पलीकडच्या आळीत पूजा होती. आरतीला सगळ्या उभ्या राहिल्या तशी मी पन म्हणायला लागले, सवयीने. समोरच्या पोरींनी एकमेकींकडं बघितला आणि पदर तोंडाला लावले. हसणं मना ऐकू आला नाय, दिसला मात्र. घरी येऊन आरशासमोर तोंड उघडला आणि परत मिटला. त्या दिवसापासून मी कुठं जात नाय.

तेव्हा जेवढा हाय तेवढा छाप. बाकीचा राहू दे.

माया हाय तेवढीच हाय.
प्रेमाबाय

•

सरळगाव
१३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप प्रेमाबायस,
शि. सा. न. वि. वि.

सकाळपासून तीन कागद फाडले, हा चौथा. त्या पोरींवर रागावून लिहिलं ते फाडलं. तुझी समजूत घालणारं लिहिलं तेही फाडलं. वाचून मलाच लाज वाटली. तुझ्या जागी मी असतो तर घराबाहेर काय, अंथरुणाबाहेर पडलो नसतो.

पानं पुन्हा छापून आणली आहेत. तुझ्या चार ओळी आहेत, दोनदा दोनदा. त्याच्या खाली जागा कोरी ठेवली आहे. छापणाऱ्यानं विचारलं की काका, इथं चुकून राहिलंय का. मी म्हटलं, राहू दे तसंच. तिथं माझं काही घालावं असं एकदा मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. आई रडल्यावर पुढं काय करते ते मला सुचतही होतं. पण मला सुचलेली आई सरितेसारखी दिसत नव्हती, शाळेच्या पुस्तकातल्या चित्रासारखी दिसत होती.

काल दुपारी हिराला समोर बसवलं आणि तुझ्या चार ओळी चालीवर म्हणून बघितल्या, पुढची ओळ ओढीनं येते का ते बघायला. मी टाकायची, तिनं झेलायची. तिनं एक झेलली आणि हसत सुटली. म्हणाली की रेडा पाण्यात बसल्यावर असा आवाज करतो. मग तीच म्हणाली, तुमची बाय म्हणायची तेव्हा आम्ही सुरासाठी ऐकत नव्हतो. सूर कुणाचाही असतो. तिला पुढं काय येणार ते माहीत असायचं, म्हणून आम्हाला तिच्यामागं जायला भीती वाटायची नाही. इतकी वर्षं कवितेचा नाद केला पण हे वाक्य मला कधी सुचलं नाही.

तुला ये म्हणत नाही. किन्हवलीवरून जीप बदलायची, मागून गाडी आली तर ऐकू यायची नाही, हे सगळं मला कळतं. मनस्वीही तुला एकटी सोडणार नाही. फक्त एवढंच सांगतो की ती कोरी जागा मी

बाय, हे वाक्य अर्धं राहिलं, कारण आळीत कुत्री भुंकायला लागली आणि हिरानं मला हाक मारली. दारात कोण उभं आहे सांगू? पण तुला काय सांगायचं, तूच उभी आहेस. एकटी. केस वाऱ्यानं विस्कटलेले, हातात पिशवी नाही, काही नाही. जीपवाला मागं उभा राहून हिराला सांगतो आहे की मावशी किन्हवलीपासून गायच्या थांबल्याच नाहीत, गाडीतली माणसं बघत राहिली, पैसे मागितले तर हातानंच दिले, तोंड बंद केलं नाही.

तू मला उंबऱ्यावरून खूण करते आहेस की लिही, लिही. थांबलीस तर जाईल म्हणून तू थांबत नाहीस. सूर कुठल्या कुठं गेला आहे. हिरा पदर खोचून तुझ्यासमोर आली आणि झेलायला लागली. म्हणून मी लिहितो आहे, जसं येतं तसं, आणि कागद तुझ्यासमोर धरतो, बरोबर आहे का बघ:

आय तिची रडली, रडून गो उठली
आय तिची रडली, रडून गो उठली
रडून गो उठली, पयली हलद लावली